लुंबिनीचे अकरा मिस कॉल

हिर्डोशीपासून भोरपर्यंत मोबाईलमधलं माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. भोरच्या एका कॉलेजात मी कारकून आहे. काम फायलींचं, पण कुठला रिचार्ज मारावा हे अर्धा स्टाफ मलाच विचारतो. उरलेला अर्धा एकदा विचारून शहाणा झालाय!

त्यामुळे आमची आई, गीताबाई, गावातल्या अकरा बायकांबरोबर लुंबिनीला निघाली, तेव्हा फोनचं खातं आपोआप माझ्याकडं आलं.

"आई, लुंबिनी नेपाळात आहे. नेपाळ म्हणजे परदेश!"

"परदेश व्हय? मंग चंद्राबाई तर म्हनली, बसनंच जायचं हाय."

"बसनं गेलं तरी परदेशच! आपलं शिमकार्ड तिकडं गेलं की रोमिंग लागतं. फोन केला की पैसे, आलेला उचलला तरी पैसे!"

"आन् नुस्ता वाजला तर?"

आईनं सहज विचारलं आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. नुसता वाजला तर फुकट! मी विहारात बाराही जणींची बैठक लावली आणि पाऊण तास भाषण ठोकलं. मिस कॉल एक आला, म्हणजे सुखरूप. तीन आले, म्हणजे नको. चार आले, म्हणजे तब्येत बिघडली. आणि सगळ्यात मोठा नियम, फोन कुणीही उचलायचा नाही. ना तिकडं, ना इकडं! बायकांनी टाळ्या वाजवल्या. आता वाटतं, भाषण संपल्याच्या आनंदात वाजवल्या असाव्यात.

दोन मिस कॉल मी मुद्दाम राखून ठेवले होते. त्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, गायत्रीचं, सगळं आयुष्य अडकलं होतं. शिवऱ्याच्या स्वरूपचं स्थळ तिला सांगून आलं होतं. मुलगा कंपनीत, वडील सोनबा यांची शेती आणि हायवेला उसाच्या रसाची रसवंती. गायत्रीला स्वरूप आवडला होता. ती बोलली नव्हती, पण शिवऱ्याचं नाव निघालं की भाकरी करपायची. अडत होतं ते आईपाशी. "लुंबिनीला वंदन करते, मन निवांत झालं की काय ते सांगते," असं म्हणून ती मोकळी झाली. तिकडं सोनबांनी निरोप धाडला होता, "रविवारपत्तुर काय ते कळवा. दुसरं बी स्थळ थांबलंय."

म्हणून दोन म्हणजे पसंत. तीन म्हणजे नको.

निघताना आईनं प्लॅस्टिकच्या पिशवीत मतदान कार्ड, त्याच्या चार झेरॉक्स, पासपोर्ट साइजचे आठ फोटो आणि स्वरूपचा बायोडाटा कोंबला. मला हसूच आलं.

"आई, तिथं काय रेशनकार्ड काढायचंय?"

"आसू दे. कोन कवा काय मागंल, सांगता येतंय का?"

जुन्या माणसांचं हे असं असतं, असं मी माझ्या बायकोला, वनिताला, म्हणालो. तिनं आईच्या पिशवीला घट्ट गाठ मारून दिली.

आमच्या वाडीत रेंज फक्त घरामागच्या धोंड्यावर येते. शुक्रवारी संध्याकाळी तिथं तांब्याला टेकवून ठेवलेला माझा फोन वाजला. नंबर अनोळखी, पण सुरुवात नऊशे सत्त्याहत्तर!

"नेपाळ!" मी ओरडलो.

गायत्रीनं झडप घातली. मी तिचा हात वरच्यावर धरला. "खबरदार! उचललास तर आईला भुर्दंड!"

फोन वाजून वाजून गप्प झाला.

"एक. सुखरूप पोचली," मी जाहीर केलं.

"पण दादा, हा आईचा नंबर न्हाई."

"कुणाचातरी मागून घेतला असेल. स्वतःचा बॅलन्ससुद्धा वाचवला! शेवटी शिकवलंय कुणी?"

शनिवारी सकाळी धोंड्यापाशी अर्धी वाडी जमली. लुंबिनीहून काय येतंय याचं सगळ्यांना भलतंच कुतूहल. शेजारचे गेणूनाना शेरडं हाकायची सोडून ठाण मांडून बसले. "दीडशे शेरडं मोजतो म्या रोज," ते म्हणाले, "मोजायचं माज्याकडं."

फोन वाजला. थांबला. "येक!" नाना म्हणाले.

परत वाजला. थांबला. "दोन!"

गायत्रीनं वनिताला मिठीच मारली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही गहिवरून आलं, एक बहीण सुखाला लागली! मी फोन खिशात घालणार, एवढ्यात तो परत वाजला.

"तीन," नाना हळूच म्हणाले.

गायत्रीचा चेहरा खर्रकन उतरला. कुणी काही बोलायच्या आत पुन्हा रिंग!

"चार! आजारी पडली म्हातारी!"

मग पाचवा. मग सहावा. मग सातवा!

सातचा अर्थ कोडात नव्हता. वाडीनं डोकी लावली. कुणी म्हणालं, चार अधिक तीन, म्हणजे तब्येत बिघडली आणि स्थळ नको. कुणी म्हणालं, दोन, दोन, दोन आणि एक, म्हणजे पसंत, पसंत, पसंत आणि मी सुखरूप. नानांनी तर बोटं मोडून सिद्ध केलं, की बस चुकली आहे.

"आवं, एकदा उचला की तो फोन!" वनिता शेवटी बोललीच. "न्हाईतर आपन तरी करू."

"आपण केला तरी तिलाच पैसे पडणार! आणि बारा बायकांसमोर मी भाषण दिलंय, त्याचं काय?"

"गायत्रीचं लगीन म्होटं, का तुमचं भाषन म्होटं?"

मी रागारागानं फोन परत तांब्याला टेकवला.

रविवारी सकाळी फोन आला. एक. दोन. तीन. सगळे नीट अंतर ठेवून! आम्ही तासभर श्वास रोखून थांबलो. चौथा आला नाही. आता शंकेला जागाच नव्हती. आईनं कालचा घोळ निस्तरून स्वच्छ उत्तर दिलं होतं. नको.

गायत्री मुकाट्यानं चुलीपाशी जाऊन बसली. "आई म्हनती तर आसंल काय तरी," एवढंच म्हणाली. तिचं ते बोलणं माझ्या काळजाला घरं पाडून गेलं. पण नकार फोनवर कळवणं बरं नव्हे, तोंडावर जाऊन सांगावा, ही आपली रीत. मी मोटारसायकल काढली.

भर दुपारी शिवऱ्यात पोचलो. सोनबा रसवंतीवरच होते.

"या या, नागसेनभाऊ! जय भीम!"

"जय भीम. मी जरा..."

"आदी रस घ्या!"

एक ग्लास प्यायलो. धीर होईना. दुसरा प्यायलो. सोनबा हसून माझ्याकडं बघत होते. ते हसणं मोडायचं माझ्या जिवावर आलं. तिसरा ग्लास संपवून मी घसा खाकरला.

"आईचा निरोप आलाय."

"आलाय की!"

"तसा... मनाला लागणारा आहे."

"लागनारच! पोरगी सासरी जायाची म्हनल्यावं आईच्या मनाला लागतंयच. पर बोलताना लई हसत हुत्या."

"कोण?"

"तुमची आई! सकाळी आर्धा तास बोलल्या. पोरगा पसंत हाय म्हनल्या. तारीख बी धरली आमी."

माझ्या हातातला रिकामा ग्लास खाली पडला. सोनबांनी तेवढ्यात फोन लावून माझ्या कानाला दिलासुद्धा.

"आरं नागसेन!" तिकडून आईचा आवाज दणाणला. "जिता हाईस का न्हाई? अकरा येळा फोन केला तुला, अकरा! येकदा तरी उचलायचा!"

"आई, ठेव! पैसे पडतील!"

"कसलं पैसं? हितलंच शिमकार्ड घेतलंय म्या. मतदान कार्डाची झेरॉक्स दिली, फोटू दिलं, झालं काम! सवस्तात पडतंय. चंद्राबाईनं घेतलं, समद्या बारा जनींनी घेतलं. तुजाच नंबर तेवढा पाठ हुता मला, आन् तू उचलंनास! शेवटी बायोडाटावरचा नंबर बगून पावन्यांनाच फोन लावला."

"पण आई, माझं मिस कॉलचं कोड?"

"कंचं कोड? त्या भाषनात माजा डोळा लागला हुता, बाबा."

मी सोनबांकडं पाहिलं. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, आणि शेजारच्या टपरीवाल्यालाही. मी चौथा ग्लास मागितला.

घरी येऊन सांगितलं तेव्हा गायत्री आधी रडली, मग हसली, आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. लग्न थाटात झालं. आता गावातून कुणी परदेशी निघालं, की फोनचं विचारायला आईकडं येतं. आई झेरॉक्स किती, फोटो किती, सगळं नीट सांगते आणि शेवटी म्हणते, "आन् नागसेनला इचारू नगा."

परवा गायत्रीनं मला शिवऱ्याला मटणाच्या जेवणाला बोलावलं. अलीकडं दोन किलोमीटरवर गाडी पंक्चर झाली. वर ऊन मी म्हणत होतं. मी स्वरूपला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. उचलला नाही. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी गाडी ढकलत, घामाघूम होऊन दारात पोचलो, तर सोनबा ढेकर देत बाहेर आले. मागं गायत्री पदर तोंडाला लावून उभी होती.

"तीन आलं तुमचं," सोनबा म्हणाले. "म्हनलं, नको म्हनतायत. आमी जेवून घेतलं!"