गुंडाच्या डाव्या कानाची तपासणी

त्या शनिवारी मामांच्या दवाखान्यामागच्या खोलीत पुढील वस्तू होत्या : कुंभाराचं चाक एक, त्यावर सुंभानं करकचून बांधलेली बिनहाताची खुर्ची एक, घड्याळं दोन, पैकी चालू एक, सेंटिग्रेडचा थर्मामीटर एक, औषधाच्या बाटल्या एकशे चौदा आणि माणसं पाच. पाचांपैकी चक्करेचं शास्त्र कळणारा मी एकटा! यज्ञेश्वरमामा डॉक्टर होते, पण जुने. मी मात्र पुण्याहून नुकताच बी.एस्सी. होऊन आलो होतो आणि चक्करेवरचं एक इंग्रजी पुस्तक तीनदा वाचलं होतं.

रोगी होता गुंडा. जात धनगराची, नोकरी गिरणीत तेलवाल्याची. मागांच्या डोक्यावरून फिरणाऱ्या लांबच लांब शाफ्टच्या बेरिंगांना शिडीवर चढून तेल द्यायचं, हे त्याचं काम. दोन महिन्यांपासून सकाळी शिडीवर पाय ठेवला की त्याला गरगरायचं. गिरणीनं कळवलं होतं : सोमवारपर्यंत डॉक्टरचा दाखला आणा, नाहीतर दुसरा माणूस घेऊ. गुंडाच्या मागे आई मायाक्का, बायको आणि चार पोरं. मेंढरं विकूनच तो शहरात आला होता.

"मामा," मी म्हणालो, "अर्ध्या तासात निदान करतो! आपल्या कानाच्या आत पाण्याच्या तीन कमानदार नळ्या असतात. माणसाला वीस सेकंदांत दहा फेरे फिरवायचं, एकदम थांबवायचं, आणि बुबुळं किती वेळ थरथरतात ते मोजायचं. कान शाबूत असेल तर सुमारे पंचवीस सेकंद!"

"आणि चाक कशाला?"

"फिरती खुर्ची सोलापुरात एकच, कलेक्टरांची. आणि तिच्यावर कलेक्टर बसलेले असतात."

चाकाचे मालक कुंडलिक कुंभार यांनी शंका काढली. "धाकलं दाक्तर, चाक फिरवायचं माज्याकडं लागलं. पण एकदम थांबवायचं कसं? हे काय टांग्याचं घोडं हाय?"

"ते बघू. आधी मी बसतो!"

"मदोमद बसा. माती बाजूला बसली तर चाक फेकून देतंय."

मी मधोमध बसलो. निदान माझा तसा हिशेब होता. कुंडलिकनं दांडका लावला आणि खोली फिरू लागली. दहा फेरे झाले. "थांबवा!" मी ओरडलो. चाक थांबेना! सोळा... वीस... मायाक्का, मामा, कपाट, मायाक्का, मामा, कपाट! एकतिसाव्या फेऱ्याला चाकानं मला कपाटाच्या स्वाधीन केलं. मी उठलो, कुंडलिकला मिठी मारली, खिडकीला नमस्कार केला आणि जमिनीवर बसलो. बाटल्या उरल्या एकशे नऊ.

"बुबुळं किती सेकंद हलली?" मी विचारलं.

"मोजली नाहीत," मामा डोळे पुसत म्हणाले. "मलाच हसताना काही दिसत नव्हतं."

"काही औषध घेतोस का?" मी गुंडाला विचारलं. "न्हाय," म्हणत तो बसला. त्यालाही एकतीस फेरे मिळाले. चाक आपोआप मंदावलं, तेव्हा त्यानं पाय टेकून ते थांबवलं, उतरला, पटका सारखा केला आणि दारापर्यंत सुतासारखा सरळ चालत गेला. चाक थांबताच मोजलेली थरथर भरली सात सेकंद.

पंचवीसच्या जागी सात! मी आनंदानं थरथरलो. निदान पक्कं : कानातल्या नळ्या निकामी! तिथल्या तिथे इंग्रजीत अहवाल लिहिला. मामा म्हणाले, "बाळू, ज्याला चक्कर येते म्हणून आणला, त्याला आली नाही. एवढंच आपल्याला कळलं. घाई नको."

पण शास्त्राला विलंब सहन होत नाही. संध्याकाळी मी तो अहवाल स्वतः नेऊन गिरणीच्या कचेरीत दिला.

रविवारी सकाळी मायाक्का दवाखान्याच्या पायरीवर हजर! "माज्या लेकाचा कान मेला म्हनून कुनी लिवलं?"

"आजी, तसं नव्हे... आतल्या नळ्या..."

"कान मेलाय तर माजी हाक त्येला ऐकू कशी येती? गिरणीचा जॉबर, तितला मुकादम, काल घरी आला. म्हनला, सोमवारी एकदा शिडी चढून दाखव. न्हाय चढलास तर मंगळवारी येऊ नगंस. लेकरा, तू शिकलेला. शिकून हेच शिकलास व्हय?"

मी धीर करून विचारलं, "आजी, गुंडाला फिरल्यावर घेरी कशी येत नाही?"

"येईल कशी? गजी नाचतोय की त्यो! धा वर्साचा हुता तवापास्नं. ढोल वाजला की निस्त्या गिरक्या. आमच्यात गिरकीला घेरी आली तर पोरीबी हसतील."

मी पुस्तक पुन्हा उघडलं. सत्तेचाळिसाव्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, एक टीप होती : नर्तकांची थरथर सरावामुळे फार कमी वेळ टिकते. पुस्तक मी तीनदा वाचलं होतं. तळटिपा एकदाही नाही.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. चार पोरांचं अन्न मी सुबक अक्षरात बंद करून आलो होतो.

सोमवारी सकाळी सातला मी आणि मामा गिरणीत पोचलो. आत मागांचा असा खडखडाट की शेजारी कुणी तोफ डागली असती तर धूर पाहूनच कळलं असतं. शिडीपाशी जॉबर सिद्धाप्पा कमरेवर हात ठेवून उभा होता. "हं गुंडा, चढ बघू. साहेबानं माझ्यावर सोडलंय."

गुंडानं देवाचं नाव घेतलं, कमरेच्या ओल्या फडक्यातली एक छोटी बाटली काढली, मान उजवीकडे कलती केली, डाव्या कानात तेल भरलं, वर कापूस कोंबला आणि मान मागे टाकून शिडीच्या टोकाकडे बघितलं. पाय ठेवला, आणि शिडीलाच कवटाळलं!

"झालं!" सिद्धाप्पा म्हणाला. "झाला याचा भोवरा."

मी धावत जाऊन गुंडाचे डोळे पाहिले. बुबुळं हळूच डावीकडे सरकत होती आणि झटक्यात उजवीकडे परतत होती. सरकत होती, परतत होती. माझ्या पुस्तकाच्या साठाव्या पानावर हेच होतं. व्हिएन्नाच्या एका डॉक्टरची कसोटी : एका कानात गार पाणी सोडा, मान मागे टाका, धडधाकट माणसालाही चक्कर येते!

"गुंडा, हे तेल कधीपासून?" मी त्याच्या उजव्या कानात ओरडलो.

"दोन म्हैनं झालं की! कान वाजाया लागला. बेरिंग कोरडं पडलं की वाजतंय, त्येला आपन तेल देतो. म्हनलं कानाला बी द्यावं."

"आणि एकाच कानात का?"

"दुसऱ्यात घातलं तर जॉबरच्या शिव्या ऐकू कशा येतील?"

बाटलीला हात लावला तर गारेगार! गुंडानं सांगितलं, मायाक्का ती रात्रभर माठात बुडवून ठेवायची. गिरणीची उष्णता डोक्यात चढू नये म्हणून. खिशातला थर्मामीटर बुडवला : सतरा अंश.

"अरे, मी शनिवारी विचारलं होतं, काही औषध घेतोस का! तू नाही म्हणालास!"

"तेल म्हंजे काय औषध हाय व्हय?" गुंडा शिडी न सोडता म्हणाला.

माझ्याही आईनं माझ्या कानात दर रविवारी तेल घातलेलं आहे, आणि दर रविवारी मी "औषध नाही" असंच म्हणालो असतो.

सिद्धाप्पाला मात्र पटेना. "थेंबभर तेलानं कुठं चक्कर येते काय? आमचं सगळं गाव कानात तेल घालतंय."

"कोमट घालतंय. आणि घालून पडून राहतंय, शिडी चढत नाही," मामा म्हणाले.

"दाखवा मग."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. सिद्धाप्पानं पाहिलं. जवळचे सहा विणकर माग सोडून पुढे आले. तेलुगूत काहीतरी बोलणं झालं आणि सगळे हसले. अहवाल मी लिहिला होता. तो पुसायचाही मलाच होता. मी बाटली घेतली, डावा कान वर केला, त्यात तेल ओतलं, मान मागे टाकली आणि शिडीवर पाय ठेवला.

पुढचं मला सलग आठवत नाही. सुताच्या बोचक्यावर मी कसा पोचलो, हे विणकरांनाच विचारावं. मामा घड्याळ धरून माझ्यावर वाकले होते. या वेळी ते हसत नव्हते, मोजत होते.

गुंडानं कान कोरडा केला, पाव तास थांबला आणि चढला. सिद्धाप्पानं मान हलवली. मामांनी दाखल्यावर तिथेच सही केली. माझ्या वहीतली त्या दिवसाची नोंद अशी :

गुंडा : कानात तेल नाही. शिडीच्या पायऱ्या बावीस, चढला बावीस. चक्कर नाही.

मी : डाव्या कानात तेल, सतरा अंश. शिडीच्या पायऱ्या बावीस, चढलो दोन. चक्कर एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद.