जनार्दन सरांचं पांढरं कासव

कासवं ओळखण्यात जनार्दन सरांचा हात धरणारा माणूस अख्ख्या वॉटर्लूत नव्हता! हे मत अर्थात सरांचं स्वतःचं होतं. दुसऱ्या कुणाचं काही मत असायचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांना कासवांबद्दल कधी कुणी काही विचारलंच नव्हतं.

साताऱ्याच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलेले सर, बायको गेल्यावर मुलाकडे कॅनडात, वॉटर्लूला आले. मुलगा राजस आणि सून सलोनी सकाळीच ऑफिसला जायचे. नात रुचा शाळेतून आली की स्विमिंगला, स्विमिंगहून आली की पियानोला. दिवसभर घरात फक्त घर गरम ठेवणारा फर्नेस बोलायचा आणि सर ऐकायचे.

त्यांची सोबत होती बेसमेंटमध्ये. रुचासाठी राजसनं ब्रीडरकडून रीतसर कागदपत्रांसह स्टार कासवांची जोडी आणली होती. रुचाचा उत्साह शाळा उघडेपर्यंत टिकला आणि कासवं सरांच्या पदरात पडली. सरांनी त्यांना ध्रुव आणि अरुंधती म्हणायला सुरुवात केली. काळ्याभोर कवचावरच्या प्रत्येक खवल्याच्या मधोमध पिवळा ठिपका आणि त्यातून फुटलेले किरण! सर त्यांना रोज त्यांच्याच पाठीबद्दल शिकवायचे. धडा लांबला की दोघंही मान आत ओढून घ्यायची. साताऱ्याची मुलंही हेच करायची म्हणा, फक्त त्यांना कवच नव्हतं.

मागे एकदा सरांनी महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर जाहीर केलं होतं : "मुलांसाठी कासवांचा वर्ग. दर शनिवारी, मोफत!" ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. सरांनी बेसमेंटमध्ये खुर्च्या मांडल्या, डोनटचा मोठा डबा आणला. शनिवारी मात्र कुणाची हॉकी निघाली, कुणाचा बर्थडे. त्या डब्यातले डोनट सर बुधवारपर्यंत खात होते. खुर्च्या त्यांनी तशाच ठेवल्या. असू देत, लागतील.

अशात अरुंधतीनं तीन अंडी घातली! राजसनं जुन्या फ्रीजला हीटर आणि थर्मोस्टॅट जोडून उबवणी करून दिली. तळाशी अंड्यांचा डबा, वरच्या जाळीवर पाण्याची वाटी. अंडं फिरलं तर आतलं पिल्लू दगावतं, म्हणून सरांनी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं फुली मारली. दोन अंडी वाया गेली. तिसऱ्यावर सर डोळ्यांत तेल घालून बसले.

गुरुवारी संध्याकाळी सलोनी वैतागून किचनमधून ओरडली, "बाबा, परवा आपल्याकडे मंडळाचं पॉटलक आहे, प्रत्येकानं एकेक पदार्थ करायचा, आणि इडलीचं पीठ फुगतच नाहीये! ओव्हनचा लाइट लावून ठेवलं, तरी ढिम्म!"

"उबेला ठेव."

"बाहेर मायनस बावीस आहे, बाबा! ऊब आणू कुठून?"

"ऊब म्हणजे काय ते माझ्या उबवणीत येऊन बघ!" सर ऐटीत म्हणाले. "तीस अंश! काटा हलायचा नाही!"

आणि ते झोपायला गेले. बढाई मारताना माणसानं समोरच्याच्या हातात काय आहे ते बघावं. सलोनीच्या हातात पातेलं होतं.

शुक्रवारी सकाळी सगळे गेल्यावर सरांनी उबवणी उघडली, आणि त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. अंडं फुटलं होतं! बाहेर लिंबाएवढं पिल्लू बसलं होतं आणि ते पांढरंशुभ्र होतं! ठिपका नाही, किरण नाही, काही नाही!

पुढच्या पाच मिनिटांत मंडळाच्या ग्रुपवर बातमी गेली : "आमच्याकडे पांढरं स्टार कासव जन्मलं आहे. अतिदुर्मीळ! उद्या मुलांना घेऊन या!"

आणि काय आश्चर्य! अंगठे नाहीत, चक्क शब्द आले! "काका, नक्की येतो!" "पृथ्वीराजची हॉकी कॅन्सल करते!" मंडळाच्या अध्यक्ष प्रमोदिनीनं तर सात वेळा हात जोडले.

तेवढ्यात सलोनीचा ऑफिसातून फोन. "बाबा, पांढरं म्हणजे... कसं पांढरं?"

"अगं, इडलीसारखं!"

पलीकडे काहीतरी खाली पडलं.

"सलोनी? आहेस ना?"

"बाबा, त्याला धुतलंत का?"

"खुळी का काय! पोटाला अजून बलकाची पिशवी आहे त्याच्या. उद्यापर्यंत हातसुद्धा लावायचा नाही!"

"मग लोकांना आत्ताच नका ना बोलवू."

"बोलावलं पण!"

संध्याकाळी सलोनी घाईघाईनं बेसमेंटमध्ये उतरली, तेव्हा सर खुर्च्या पुसत होते. भिंतीवर रुचाचा जुना फळा टांगला होता, त्यावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं : 'आधी निरीक्षण, मग निष्कर्ष.' इस्त्री केलेला शर्ट खुर्चीवर.

"बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी हे सांग, एवढ्या खुर्च्या पुरतील ना गं? मुलं येणारेत!"

सलोनीनं मग वरून आणखी दोन खुर्च्या आणून दिल्या.

शनिवारी बेसमेंट भरून गेलं! पुढे मुलं, मागे हातात इडलीच्या प्लेट घेऊन मोठी माणसं. प्रमोदिनी फूल घेऊन आली होती. "काका, पांढरं कासव म्हणजे साक्षात लक्ष्मी!"

"लक्ष्मी नव्हे, प्रमोदिनी, विविधता!" सर गरजले. किती दिवसांनी तो आवाज बाहेर पडला होता! "मुलांनो, कुठल्याही दोन कासवांची नक्षी सारखी नसते. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखं! कुणाच्या खवल्यावर किरण कमी, कुणाच्या जास्त. कुणाला एखादा खवलाच जादा असतो. पिल्लाच्या अंगावर नुसते पिवळे-काळे डाग असतात, वाढत्या वयात त्यांचे किरण होतात. आणि क्वचित, फार क्वचित, असा एखादा जन्मतो..."

मुलं पुढे सरकली. कुणाच्याही हातात फोन नव्हता. अगदी पुढे, मांडी घालून, रुचा बसली होती.

"पोटाची पिशवी आज जिरली आहे. आता त्याची पहिली आंघोळ!"

सरांनी पिल्लू अलगद कोमट पाण्याच्या काचेच्या बाऊलमध्ये ठेवलं. मागे सलोनीनं डोळे मिटून घेतले.

पिल्लानं पाय हलवले. पाण्याचं दूध झालं. मग ताक झालं. एक पापुद्रा सुटला, दुसरा सुटला, आणि त्या ताकातून चारचौघांसारखं पिवळ्या-काळ्या डागांचं स्टार कासव मान वर काढून सरांकडे बघायला लागलं.

रुचानं नाक बाऊलपाशी नेलं. "आजोबा, इट स्मेल्स लाइक इडली."

सगळ्यांच्या नजरा एकदमच आपापल्या प्लेटवर गेल्या. प्रमोदिनीचा घास ओठांपाशी थांबला. "सलोनी, या इडल्या इतक्या हलक्या झाल्यात त्या..."

"सॉरी, बाबा! सॉरी, सगळ्यांनाच!" सलोनी रडकुंडीला आली. "पातेलं मी उबवणीच्या जाळीवर ठेवलं होतं. पीठ थोडं उतू गेलं. पहाटे पातेलं काढताना मी अंधारातच जाळी पुसून घेतली. खाली हे बाहेर आलेलं मला दिसलंच नाही हो!"

मग जे हसू फुटलं ते थांबेना. मुलं तर जमिनीवर लोळली. रुचानं फळ्याकडे बोट दाखवलं. "आजोबा, ऑब्झर्वेशन फर्स्ट! यू ऑल्वेज से दॅट!"

सरांनी मान शर्टाच्या कॉलरमध्ये जाईल तेवढी आत घेतली. पण पोरीच्या लक्षात आहे, एवढं त्यांच्या लक्षात राहिलं.

तेवढ्यात वरून हाक आली, "किड्स, केक!" आणि मिनिटभरात सगळ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. सरांनी पिल्लाला पुसलं, त्याच्या पाठीवरचे डाग एक एक करून बघितले आणि त्याला दिव्याखाली ठेवलं.

सोमवारी फोन वाजला. सरांनी पहिल्या रिंगला उचलला. प्रमोदिनी!

"काका, या शुक्रवारी यायचं होतं!"

"ये, ये! मुलांना घेऊन ये!"

"मुलांची हॉकी आहे हो. ती उबवणी आता रिकामीच असेल ना? इडल्या काय झाल्या होत्या! माझं एक पातेलं राहील का?"

राहिलं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आणखी पाच आली, प्रत्येकावर नाव चिकटवलेलं. आणणाऱ्यांच्या गाड्या ड्राइव्हवेमध्ये चालूच असायच्या. "थँक यू, काका!" म्हणत माणसं पळायची.

"आजोबा!" जिन्याच्या वरच्या पायरीवरून रुचा ओरडली. "मम्मा विचारते, पीठ फुगलं का?"

"ये ना खाली, तूच बघ!"

"पियानो आहे!" आणि दार लागलं.

सर उबवणीसमोरच्या खुर्चीत बसले. दार उघडलं. सहा पातेली दोन रांगांत बसली होती. एकाचं बूड चेपलेलं, एकाचा कान तुटलेला. नीट पाहिलं, तर कुठलीही दोन सारखी नव्हती. सरांनी घसा साफ केला.

"तर मुलांनो," ते म्हणाले, "मागच्या वेळी आपण कुठे थांबलो होतो?"

मागच्या रांगेत प्रमोदिनीच्या पातेल्याचं झाकण, हात वर करावा तसं, हळूच उचललं गेलं.