नाना झोपले नव्हते

आमचे शेजारी नाना देवस्थळी मायक्रोवेव्हलासुद्धा दाद द्यायचे. आमटी गरम होऊन तो वाजला की हात उचलून, "वा! वेळेवर!" सुनेनं अरुंद जागेत गाडी लावली की, "क्या बात है!" एकदा त्यांच्या मुलाला, समीरला, हायवेवर पोलिसानं थांबवलं आणि दंडाची चिठ्ठी लिहिली. नाना शेजारच्या सीटवरून म्हणाले, "व्हेरी गुड हँडरायटिंग!" पोलिसानं समीरला गाडीतून उतरवलं आणि प्यायलाय का ते बघायला एका सरळ रेषेत चालायला लावलं.

"माधवराव, समोरच्यानं जीव ओतायचा आणि आपण मख्ख बसायचं? शोभत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनमध्ये आम्ही दोघंही मुलांकडे आलेलो. ते नागपूरचे, मी पुण्याचा. इराकची लढाई सुरू झाली त्या वर्षी उन्हाळ्यात माझी बायको गेली आणि मुलानं मला इकडे आणलं. मी रडलो नव्हतो. भेटायला येणाऱ्यांना मीच चहा करून देत होतो. "बाबा एकदम स्ट्राँग आहेत," असं मुलगा सगळ्यांना सांगायचा, आणि मला काहीही करून ते खोटं पडू द्यायचं नव्हतं.

त्याच वर्षीचा डिसेंबर. समीरनं वॉशिंग्टनच्या एका जुन्या कॅथीड्रलमधल्या ख्रिसमस कॉन्सर्टची तिकिटं काढली. मध्ययुगातली गाणी होती. दारात पिशव्या तपासत होते. नानांच्या खिशातून चिवड्याचा डबा निघाला. रक्षकानं तो उघडून वास घेतला, तेव्हा नाना म्हणाले, "टेक, टेक. होममेड."

पुढे काय झालं ते आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना पाठ आहे: नाना चर्चमध्ये झोपले, दचकून जागे झाले आणि भर शांततेत "वा!" म्हणून ओरडले. नाना आता नाहीत. मीही किती दिवस आहे कोण जाणे. म्हणून सांगतो, नाना झोपले नव्हते.

समीर आणि सून पुढे बसले होते, आम्ही दोघं मागे, खांबाजवळ. ना पेटी, ना तबला. काळ्या कपड्यांतल्या सहा बायका. एकीनं खालचा सूर धरून ठेवला होता, दुसरी त्यावर अंगाई गात होती. बाळ जगणार नाही हे त्या आईला आधीच कळलेलं असतं, असं हातातल्या कागदावर छापलं होतं. टाळ्या शेवटीच वाजवाव्यात, असंही. नाना दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. बिचाऱ्यांना फार जड जात होतं.

गाणं संपलं. सूर वर दगडात विरत गेला. इतकी शांतता, की कुणी कागदही हलवेना. आणि माझ्या घशातून आवाज निघाला. त्याला हुंदका म्हणता येणार नाही. मार बसलेलं जनावर काढतं, तसा काहीतरी. मला तो आवरेना. पुढच्या रांगेतला माणूस वळायला लागला.

"वा!" नाना उभेच राहिले. "वा! जियो!"

शेकडो माणसांनी मागे पाहिलं. नानांकडे पाहिलं. एक बाई ओठांवर बोट ठेवून धावत आली. नाना कान धरून "सॉरी, सॉरी" म्हणत राहिले आणि त्यांच्या कोटाआड मी रुमालात तोंड खुपसून बसलो.

परतताना गाडीत समीर भडकला होता. "बाबा, यार, व्हॉट वॉज दॅट? झोपला होतात का?"



"डोळा लागला असेल रे," मी मागच्या सीटवरून म्हणालो.

त्यानंतर नानांना कुठल्याच कार्यक्रमाला कुणी नेईना. संक्रांतीला मंडळात मात्र भेटले. हातात तिळाची वडी घेऊन एक पोरगा म्हणाला, "नानाकाका, खरं सांगा, चर्चमध्ये घोरत होतात ना?" सगळे माना वळवून बघायला लागले. माझा मुलगाही होता. मी ताटलीकडे बघत राहिलो.

"गाढ रे," नाना म्हणाले. "माधवरावांनी दोनदा हलवलं, तरी जाग येईना."

सगळे हसले. मीही हसलो.