आठ नंबरचा नमुना

"दगड? मी डोळे मिटून ओळखीन!" खडीने सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं.

भूगर्भशास्त्र शिकायला ती मावशीकडे राहायची. पिशवीत कायम दगड, म्हणून नाव पडलं खडी. आज तिची प्रात्यक्षिक परीक्षा होती. आपण गोळा केलेले, आकडे घातलेले नमुने सरांसमोर ओळखायचे. डोंगरातल्या महिनाभराच्या शिबिराची एकच जागा उरली होती आणि त्या जागेसाठी खडीचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

ती आंघोळीला गेली आणि इकडे काकांना कंठ फुटला.

"अगं, बूट बघ! कुरकुर बंद!"

"काय केलंत?"

"हिच्या खोक्यात एक मऊ दगड होता. किसला आणि टाकली पूड बुटात!"

मावशीने कपाळावर हात मारला. तो दगड म्हणजे शंखजिरं. अंगाला लावायची पावडर बनते ना, ते! पोरगी आता रडून घर डोक्यावर घेणार आणि परीक्षेत सगळंच विसरणार. मावशीने मोरीमागून कपडे धुवायच्या साबणाचा एक वाळका, करडा तुकडा शोधून काढला, त्यावर पांढऱ्या नेलपॉलिशने आठ आकडा काढला आणि गुपचूप खोक्यात ठेवून दिला. परीक्षा झाली की सांगू, असा तिचा विचार.

प्रयोगशाळेत खडीने तीच फुशारकी मारली. सर म्हणाले, "मग मीट डोळे!"

खडी सुसाट सुटली. ग्रॅनाइट! गारगोटी! चुनखडी! एकही चुकेना. वर्गातली पोरं आ वासून बघत होती. मग सरांनी आठ नंबर तिच्या हातात दिला.

"स्पर्श अगदी साबणासारखा. नखाने ओरखडा पडतोय. शंखजिरं, सर! शंभर टक्के!"

"वास कसला येतोय?"

खडीने हुंगलं. "किंचित लिंबाचा, सर. आजूबाजूच्या मातीचा असेल."

"आणि वय?"

"साठ कोटी वर्षं तरी असेलच!"

सरांनी नमुना तिच्या हातातून काढून घेतला आणि नळ सुटल्याचा आवाज आला. खडीने डोळे उघडले, तर सर बेसिनपाशी उभे आणि त्यांचे हात कोपरापर्यंत फेसाने भरलेले!

"साठ कोटी वर्षं झाली," सर म्हणाले, "पण फेस काही कमी झालेला नाही हो!"

वर्ग हसून हसून आडवा झाला. खडीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यातले थर तरी तिला माहीत होते. गेली जागा, गेलं शिबिर! ती डोळे पुसत खोकं आवरू लागली.

सरांनी हात पुसले. "रडतेस कशाला? बाकी सगळे डोळे मिटून बरोबर सांगितलेस. शिबिराला येतेयस तू. फक्त हा आठ नंबर बरोबर आण. तिथे जवळपास दुकान नाही."

घरी आल्यावर मावशीने खरं काय ते सांगितलं, तेव्हा खडीने आधी तांडव केलं, मग शिबिराची बातमी सांगितली. काका ऐकायला कधी मागे येऊन उभे राहिले, कुणाला कळलंच नाही. बूट खरंच वाजत नव्हते.

मावशीने कपाटातून साबणाची नवीकोरी वडी काढली, नेलपॉलिशची बाटली उघडली आणि वडीवर ठळक नऊ आकडा काढला.

"हाही असू दे," ती म्हणाली. "एक नमुना महिनाभर पुरायचा नाही."