तीन पायांचं स्टँड

बायकोला पुन्हा विचारायचं नाही, गुपचूप पाळत ठेवायची, असं काळुरामने ठरवलं आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. नीट विचारलं असतं तर शकूने दोन वाक्यांत सांगून टाकलं असतं. पण सरळ विचारेल तो काळुराम कसला. हा माणूस सिलेंडर घेऊन आलेल्या पोऱ्यालाही आधी दारातच "कोनी पाठवला तुला?" असं विचारतो, आणि सिलेंडर स्वतःच बुक केलेला असतो.

झालं होतं असं. यंदा मे महिन्यातच आभाळ गळायला लागलं. घोडबंदर रोडची माणसं खिडक्या लावून भजी तळत बसली, आणि नेमकी त्याच दिवसांत शकू सकाळी उठून, लेकाचे, म्हणजे विकीचे, जुने बूट चढवून, छत्री घेऊन बाहेर पडायला लागली. परत यायची ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून. वर गाणं गुणगुणत.

"कुठं गेलतीस गो?" काळुरामने एकदा विचारलेलं.

"वॉकला."

"चिखलात?"

"मंग? पाऊस कं मी पाडला?"

घरात सून आलेली बाई चिखलातून येते आणि वर खूश असते, म्हणजे यात काहीतरी काळंबेरं आहे. काळुराम दुसऱ्या दिवशी गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली खाडीच्या बांधावर शकू होती. तिच्याबरोबर शेजारच्या फ्लॅटमधली जागृती आणि चौदाव्या मजल्यावरचा अनिमेष. अनिमेषच्या दारावर 'आर्किटेक्ट' अशी पितळी पाटी आहे. आणि तिघांच्या मधोमध उभं होतं तीन पायांचं स्टँड, त्यावर नळकांडं, आणि नळकांड्याला डोळा लावून खुद्द शकू.

मोजणीवाल्यांच्या तीन पायांच्या स्टँडचं भय काय असतं ते तुम्हाआम्हाला कळणार नाही. काळुरामने ते आयुष्यात तीनदा बघितलेलं. पहिल्या खेपेला भातशेतीतून रस्ता गेला. दुसऱ्या खेपेला मिठागराच्या कडेने पाइप गेला. तिसऱ्या खेपेला उरलेल्या शेतावर हा टॉवर उभा राहिला, आणि त्याच टॉवरच्या अकराव्या मजल्यावरून तो आता चौथं स्टँड बघत होता. (फ्लॅट मिळाले, गाडी मिळाली, हे खरंय. पण काळुरामसमोर तो विषय काढायचा नाही.) आता राहिला होता खाडीकाठचा एवढासा तुकडा. बापाने तिथं मीठ पिकवलेलं. हल्ली भरतीला निम्मा पाण्याखाली जातो आणि ओहोटीला नुसता गाळ, पण शेवटचा आणि आपला. सातबाऱ्यावर शकूचंही नाव आहे, ही त्यातली गोम.

"फितूर झाली," काळुराम पुटपुटला. त्या दिवशी त्याला मासळीचं कालवणही गोड लागलं नाही.

रविवारी शकू बाहेर पडली तसा हा मागोमाग निघाला. ओळखू येऊ नये म्हणून डोक्यावरून पायापर्यंत पांढऱ्या प्लास्टिकचं इरलं घेतलेलं. बांधावरून गेलं तर दिसणार, म्हणून साहेब खाली तिवरांच्या झाडीतून निघाले. खाडीत जन्म गेलेल्या माणसाला वाट कसली लागते, असा त्याचा हिशोब. पण गेली कित्येक वर्षं तो टाइल्सवरून चालत होता आणि पोटही बरंच पुढे गेलेलं, हे गाळाला कुणी सांगितलं नव्हतं. आधी चप्पल गेली. ती शोधायला वाकला तो मांडीपर्यंत रुतला. आता पुढेही जाता येईना आणि मागेही.

वर बांधावर कुजबुज सुरू झाली.

"जागृती, तिवराच्या डावीकडे बघ. पांढरं काहीतरी आहे. मोठं आहे."

"करकोचा?"

"एवढा जाड करकोचा नसतो गं."

"हलत नाहीये. आजारी असेल बिचारा."

"नाही नाही, मान खाली घालून चिखलात काहीतरी शोधतोय. थांब, फोटो घेतो."

काळुरामला शब्द ऐकू आले नाहीत. त्याला एवढंच दिसलं, की नळकांडं त्याच्याकडे वळलंय. मोजणी सुरू झाली, हे त्याने ओळखलं आणि तो आणखी खाली बसला. ही फार मोठी चूक झाली.

"बघू जरा," शकू म्हणाली. एक डोळा मिटून तिने बराच वेळ बघितलं. मग छत्री मिटली.

"ह्यो पक्षी नाय. ह्यो आमच्या घरातला हाय," ती शांतपणे म्हणाली. "आनि भरती लागलीय. दोरी हाय का कोनाकडं?"

दोरी मिळाली. जॉगिंग करणारा एक भला माणूसही मिळाला. चौघांनी मिळून ओढलं तेव्हा काळुराम बाहेर आला. इरलं आणि दोन्ही चपला खाडीने ठेवून घेतल्या. पण बांधावर टेकल्या टेकल्या त्याने पहिला प्रश्न केला.

"सही कुठं केलीस ती सांग."

"कसली सही?"

"तुकडा इकायला काढलास ना? ह्यो आर्किटेक्ट, ही मोजायची मशीन. मना येडा समजतंस?"

"काका, दुर्बीण आहे ती," जागृती म्हणाली. "पक्षी बघतो आम्ही. बघा ना तुम्ही पण."

काळुरामने आधी दुर्बिणीच्या पुढून बघितलं, मग खालून, मग तिचे तिन्ही पाय हलवून बघितले. शेवटी डोळा लावला. त्याच्याच तुकड्यावर, पावसाच्या बारीक सरीत, लाल लांब पायांचा एक पक्षी गाळातून ऐटीत चालत होता. रुतत वगैरे नव्हता. काळुरामला त्याचा हेवा वाटला.

"मंग माझ्यापासून लपवलंस कशाला?"

"सांगितला असता तर तुमी आला असतात. तुमच्या आवाजाला पक्षी थांबतील?"

"म्हंजे तुकडा इकायचा नाय?"

शकूने पदराने त्याच्या कानातला गाळ पुसला. "खरं सांगू? मी पयल्याच दिवशी ह्या अनिमेषला इचारलं, घेतंस का म्हनून. तुमी त्या तुकड्यापायी जेवताना पन खिडकीत बघता. जाऊदे म्हटलं एकदाचा. तर तो बोलला, फुकट दिला तरी नको."

बायको जमीन विकायला निघालेली, हे काळुरामला लागायला हवं होतं. जन्मभराचा त्याचा संशय पहिल्यांदाच खरा निघालेला. पण लागलं ते भलतंच.

"फुकट दिला तरी नको म्हंजे?" तो तसाच अनवाणी उठला आणि अनिमेषचा दंड धरून त्याला बांधाच्या टोकाला घेऊन गेला. "तुमी नीट बघितलाच नाय. वारा बघा कसा येतोय. समोर पानी, मागे डोंगर. हॉर्नचा आवाज येतोय का? अवो, असा व्ह्यू अकराव्या मजल्यावरून पन नाय. घरचं मानूस म्हनून सांगतोय, अशी जागा परत नाय भेटनार."

अनिमेषने स्टँडचा एकेक पाय मिटला.

"काका, मघाशी तुम्हाला एकट्याला बाहेर काढायला चार माणसं लागली. इथं बिल्डिंग रुतली तर कुणाकुणाला बोलवायचं?"