तिसरी दांडी

यंदाच्या नाताळात उस्तादांची कानस आमच्या घरी येणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ती टांगायला मी बाहेरच्या खोलीच्या भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता!

आता ही कानस म्हणजे काय प्रकरण आहे, ते सांगतो. मी कुलपं बनवतो. आणून विकत नाही हं, बनवतो! तरुणपणी आम्ही चौघं एकाच उस्तादांच्या हाताखाली शिकलो. उस्ताद गेले, आमची चार दिशांना पांगापांग झाली, पण दर नाताळात आम्ही कुणा एकाच्या घरी जमतोच. प्रत्येकानं वर्षभरात बनवलेलं एक कुलूप मांडायचं आणि बाकीच्यांनी ते किल्लीशिवाय उघडायचं. ज्याचं कुलूप कुणालाच उघडता येत नाही, त्यानं उस्तादांची लोखंड घासायची जुनी कानस वर्षभर घरी न्यायची. मूठ तुटलेली, दात झिजलेले, पण आम्हाला तिच्यापुढे सोन्याचा करंडक फिका! ती पोलादकडे राहून आली, डॉक्टरकडे राहून आली, घाईकडे तर दोनदा राहिली (ही आमची शिकत असतानाची टोपणनावं!). माझ्याकडे एकदाही नाही. माझं कुलूप हे लोक दर वर्षी चहा निवायच्या आत उघडतात आणि वर मलाच ‘शास्त्रज्ञ’ म्हणून चिडवतात.

यंदा मात्र मी थेट घराच्या दारालाच कुलूप बसवलं होतं. दोन दांड्या नेहमीच्या, आणि तिसरी माझी स्वतःची! कुणी कुलपाशी जरा वेडंवाकडं वागलं, की ही तिसरी दांडी आतल्या आत खाली पडणार आणि दार जाम होणार. किल्ली उलटी अर्धी फिरवली तरच ती वर जाणार.

हे साधेपर्यंत दाराला बरेच दिवस नुसतं भोक होतं. बायको कंटाळली आणि बाजारातून एक कडी आणून तिनं दाराला आतून लावली. कुलूपवाल्याच्या दाराला विकतची कडी! मी खवळलो.

“आधी काढ ती!”

“काढते हं,” ती म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला.

आमच्या हिची एक सवय आहे. पाहुणे बोलवायचे तर सगळे एकदम, म्हणजे घर एकदाच आवरावं लागतं. त्यामुळे माझ्या दोस्तांबरोबर मेहुणी आणि साडूही जेवायला होते. सासूबाई संध्याकाळच्या बसनं येणार होत्या. साडूंच्या घराचं दार अंगठा टेकवला की उघडतं, आणि हे ते मला दर भेटीत अंगठा उभा करून सांगतात.

“साडूभाऊ, किल्ल्यांचा जमाना गेला!” चर्चमधून परत येतानाही त्यांचं तेच चाललं होतं.

“आज बघाच तुम्ही,” मी म्हटलं आणि ऐटीत किल्ली फिरवली. आतून सुरेख ‘खट्’ आवाज आला. मी दार ढकललं. दार ढिम्म!

मी हसलो. “तिसरी दांडी पडली वाटतं. कुणीतरी हात लावलेला दिसतोय. ही बघा गंमत.” किल्ली उलटी अर्धी फिरवली. पुन्हा ‘खट्’! पुन्हा दार ढिम्म! मग मी सुलटी, उलटी, वर उचलून, खाली दाबून, सगळं करून पाहिलं. साडूंनी अंगठा दाराला टेकवून पाहिला. मेहुणी फिसकन हसली.

तेवढ्यात जिन्यावर दणदणाट झाला आणि माझी तिन्ही दैवतं वर आली. वर्षानं भेटत होतो! पोलादनं अशी मिठी मारली की माझ्या बरगड्या मोजून निघाल्या. डॉक्टरच्या गळ्यात नेहमीसारखा स्टेथोस्कोप होता. हा कुलूप तपासून उघडतो, म्हणून तो डॉक्टर. घाईनं पिशवीतून तारा आधीच बाहेर काढल्या होत्या.

“काय रे शास्त्रज्ञ, बाहेर का उभा?” पोलादनं विचारलं.

आता खरं सांगितलं असतं तर जन्माचं हसं झालं असतं. माझ्या तोंडून निघून गेलं, “तुमचीच वाट बघत होतो. हे दार म्हणजेच माझं यंदाचं कुलूप. उघडा आणि जेवायला आत या!”

बायकोनं माझी बाही ओढली. “अहो, काहीतरीच काय? चिकन आत ओव्हनमध्ये आहे!”

“आणि अब्रू बाहेर आहे! जरा गप्प बस.”

माझी पंचाईत तुमच्या लक्षात आली ना? कुलूप उघडलं तर कानस गेली, आणि नाही उघडलं तर सगळे उपाशी, कारण ते मलाही उघडत नव्हतं!

घाई पुढे झाला. दोन तारा आत सारल्या, मनगट जरा फिरवलं आणि लगेच ‘खट्’!

“उघडलं!” असं ओरडून त्यानं दाराला खांदा मारला. दार होतं तिथेच राहिलं, घाई मात्र जिन्याच्या कठड्यापर्यंत मागे आला.

“दोन दांड्या उघडल्यास रे राजा,” मी मिशीतल्या मिशीत हसत म्हणालो. “तिसरीचं काय?”

मग पोलाद गुडघ्यांवर बसला. त्यानं सगळी हत्यारं पायरीवर ओळीनं मांडली, घाम गाळला, कुलपाला गोड बोलून पाहिलं, शेवटी दोन शिव्याही दिल्या. काही उपयोग झाला नाही. माझी छाती फुगत चालली होती आणि पोटात कावळे कोकलत होते.

शेवटी डॉक्टरनं दाराला स्टेथोस्कोप लावला आणि डोळे मिटले.

“आत काहीतरी घरघरतंय,” तो म्हणाला. “थांबतं. पुन्हा सुरू होतं. शेवटी बारीक शिट्टी वाजते.”

“ती माझी स्प्रिंग!” मी ठोकून दिलं.

“पण ही तर एका लयीत चालतेय रे!”

“मग! वर्षभराची मेहनत आहे ती.”

पोलादनं ऐकलं, घाईनं ऐकलं. साडूंनीही कान लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे आदरानं पाहिलं. “मानलं हं साडूभाऊ! जिवंत वाटतं हो अगदी!”

बायको मात्र नाक वर करून हवा हुंगत होती. “अहो, जळका वास येत नाहीये.”

“मग चांगलंच आहे की!”

“चांगलं काय? एव्हाना यायला हवा होता!”

पण ऐकायला मला वेळ कुठे होता? पोलादनं हात टेकले होते. त्यानं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली कानस काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. याच कानशीनं उस्तादांनी माझं पहिलंवहिलं कुलूप सरळ करून दिलं होतं. मी ती हातात घेतली आणि घसा खाकरला.

“मित्रांनो,” मी सुरुवात केली, “आज उस्ताद असते तर...”

“शू! जरा थांबा!” बायको म्हणाली. तिनं फोन कानाला लावला होता. “वास नाही म्हणजे ओव्हन कुणीतरी बंद केलाय. दुसरी किल्ली फक्त आईकडे आहे. आणि झोपताना ती कानातलं मशीन काढते, पण फोन कमरेला खोचून थरथरीवर ठेवते.”

डॉक्टर अजून दाराला चिकटलेलाच होता. तो एकदम दचकला.

“स्प्रिंग थांबली!” मग त्याचे डोळे विस्फारले. “अरे बापरे! स्प्रिंग चालत येतेय!”

दाराच्या वरच्या अंगाला ‘खटाक्’ झालं आणि दार सताड उघडलं. आत सासूबाई उभ्या होत्या. केस विस्कटलेले, एका हातानं कानात मशीन बसवताहेत.

“अगंबाई, जावईबापू! सगळे बाहेर का उभे? मला सकाळचीच बस मिळाली. ओव्हन बंद केला हं मी, कोळसा झाला असता त्याचा. आणि एकटी होते ना, म्हणून आतून कडी लावून सोफ्यावर जरा पडले.”

सगळे एकदम आत घुसले, पण जेवणाकडे नाही, दारामागे! दारामागे माझा कोट टांगलेला असतो. पोलादनं तो बाजूला केला. मागे ती कडी चमकत होती.

“कुणी बसवली ही?”

“मी,” बायको म्हणाली. “केकच्या सुरीनं स्क्रू पिळले. काढणार होते, राहूनच गेलं.”

पोलादनं कडीवरून बोट फिरवलं, दोनदा सरकवून पाहिली. “शास्त्रज्ञ, तुझं कुलूप घाईनं पहिल्याच झटक्यात उघडलं होतं. ही मात्र आम्हा चौघांना पुरून उरली! वहिनी, हात पुढे करा.” आणि त्यानं माझ्या हातातली कानस काढून घेऊन तिच्या हातात ठेवली. घाईनं शिट्टी मारली, डॉक्टरनं टाळ्या वाजवल्या, साडूंनी दोन्ही अंगठे वर केले.

मला राग यायला हवा होता. पण फडक्यातली कानस हातात घेऊन ही अशी काही लाजली, की माझी छाती तिसऱ्या दांडीच्या वेळी फुगली नव्हती इतकी फुगली. चिकनही झकास झालं होतं.

आता दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला मी ती केकच्या सुरीची हकीकत सांगतो. चौघा कारागिरांना हरवणारी बाई आहे म्हणावं आमच्या घरात! कानस स्वयंपाकघरात आहे, केकच्या भांड्याचा करपलेला तळ खरवडायला तिच्यासारखं दुसरं काही नाही म्हणे. बाहेरच्या खोलीतला खिळा अजून रिकामाच आहे.

पुढच्या नाताळाचं बोलावणं परवाच पोलादकडून आलं. ते हिच्या नावानं आहे. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, ‘यजमान सोबत आले तरी चालेल.’