पेनिनाचा गुडघा आणि मानाची चटई

पेनिनाचा गुडघा अडकला तो नेमका सिएनीच्या घरासमोर. गावात एवढी अंगणं पडली होती, पण गुडघ्याला तेवढी अक्कल असती तर आणखी काय हवं होतं?

निघाली होती ती मयताला. नवऱ्याच्या चुलत्याला आज मातीत ठेवायचं होतं आणि घराण्यातली मानाची चटई तिनं स्वतः न्यायची होती. वाटेत घडी सुटली. रेशमासारखी विणलेली ती चटई धुळीत लोळू देईल ती पेनिना कसली! गवतावर मांडी घालून बसली, घडी घातली, उठायला गेली, तर डावा गुडघा वाकलेलाच राहिला. सरळ म्हणून होईना.

हाक मारली असती तर सिएनी होतीच. सांधे मोकळे करण्यात सामोआच्या त्या बेटावर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण गेल्या नाताळात चर्चबाहेर हीच सिएनी चारचौघींत म्हणाली होती, "पेनिना, बसताना खुब्यातून वळ. खुब्याचा सांधा म्हणजे उखळातलं मुसळ, चहूकडं फिरतं. गुडघा म्हणजे दाराची बिजागरी. त्याला पिळत बसलीस तर मधली गादी फाटेल नि एक दिवस दार अडकेल." त्यावर पेनिनानं, तुझे हात नारळ खवायच्या लायकीचे, असं सगळ्यांदेखत सुनावलं होतं. तेव्हापासून सिएनीचं एकच म्हणणं, तिनं माफी मागावी. आणि पेनिनाचंही एकच, आधी समुद्र आटेल.

तेव्हा हाक मारायचा प्रश्नच नव्हता. तेवढ्यात सिएनीच्या बिनभिंतीच्या घरात कोणी तरी उठून बसलं. तोंड दिसू नये म्हणून पेनिनानं घाईनं चटई उलगडली आणि डोक्यावरून ओढून घेतली.

ओढून घेतल्यावर तिच्या ध्यानात आलं. पहाटेची वेळ, जिच्याशी वैर तिचं अंगण, डोक्यावर मानाची चटई आणि तोंडातून शब्द नाही. सामोआत याला एकच नाव आहे, इफोंगा. ज्याचा अपराध केला त्याच्या दारात असं बसायचं. त्यानं येऊन चटई उचलली की माफी मिळाली. खुनाची वैरंसुद्धा माणसं अशीच मिटवतात.

चटई काढावी तर तोंड दिसतं, ठेवावी तर नाक जातं. ती विचार करते आहे तोवर मयताला निघालेली माणसं थांबली. बायका हळहळल्या. थोरला मुलगा इओआने धावत आला आणि आईचा मोठेपणा बघून तिच्याशेजारी वाकला.

"आई, एकटी कशाला आलीस गं?"

"घरी जा," ती चटईखालून पुटपुटली.

"तुला टाकून? मेलो तरी नाही."

त्यानं मयतासाठी घातलेला काळा सदरा काढून डोक्यावर घेतला आणि तिच्या मागं बसला. मग सुना आल्या, मग दीर. एकाचा अपराध साऱ्या घराण्यानं वाहायचा असतो.

सिएनीनं घाई केली नाही. ऊन चढू दिलं, कोको प्याली. मग सावकाश बाहेर आली, चटई उचलली, पेनिनाचं तोंड पाहिलं, पाय पाहिला आणि खाली वाकली.

"गुडघा?"

"बोललीस तर याद राख."

सिएनी बोलली असती तर साऱ्या गावादेखत मिळालेली माफी तिच्याच हातची गेली असती. तिनं गुडघे टेकून पेनिनाला मिठी मारली. बायका हुंदके देऊ लागल्या. उचललेल्या चटईआड सिएनीच्या एका हातानं टाच धरली, पाय आणखी वाकवला, नडगी अलगद फिरवली आणि सरळ ओढली. कट्! पेनिना किंचाळली. पश्चात्ताप असावा तर असा, असं मागं कोणी तरी म्हणालं.

"मी माफी मागितलेली नाही," पेनिना तिच्या कानात म्हणाली.

"ठाऊक आहे. मीही माफ केलेलं नाही," सिएनी म्हणाली. "पण लोक रडतायत तोवर ऊठ."

तिनं हात पुढं केला. उठायला दुसरा आधार जवळ नव्हता. पेनिनानं तो धरला.